मी टीव्ही बघत नाही, तपासते

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७.

कारखाना बंद पडला तेव्हा तपासणी खात्यातलं एक कोरं रजिस्टर घरी आणलं होतं. चोरलं नाही. तिथे उंदरांनीच खाल्लं असतं. आज उघडलं. रकाने तेच: वेळ, सेट, दोष, उपाय, सही. चौथी शिकलेल्या बाईला एकोणीस वर्षं एवढं लिहिणं पुरलं, पुढेही पुरेल.

आजपासून परत आपल्या घरात. नोव्हेंबरात इथल्याच जिन्यावर पडले, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली. तीन महिने मुलाकडे काढले. नववा मजला, इस्त्रीच्या टेबलाची खोली, न उघडणारी खिडकी. सून वाईट नाही. पण मी कूस बदलली तरी दारात येऊन विचारायची, आई, काही हवंय का. मला हवं होतं तिने जायला. ते कसं सांगणार.

मुलाने अट घातलीय. म्हणाला, आई, दोन महिने बघू या, तीन एप्रिलपर्यंत. डॉक्टरांनी सांगितलंय तसं रोज दोनदा जिना उतरायचा, कोपऱ्यापर्यंत चालून यायचं, दिवसभर बसून राहायचं नाही. जमलं तर राहा एकटी. नाहीतर इस्त्रीची खोली आहेच. मी म्हटलं, तू माझं बोट धरून चालायला शिकलास, तू मला चालणं शिकवतोस?

जिना चव्वेचाळीस पायऱ्यांचा, लिफ्ट नाही. आज मुलाने आणि वॉचमनने खुर्चीत बसवून वर आणलं. ते फक्त वेळ वाचावा म्हणून. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ.

मुलाने नवा टीव्ही घेतलाय. आमच्याच कंपनीचा! बसवणारा भिंतीला भोकं पाडून गेला. मुलगा खाली गाडी नीट लावायला गेला तेवढ्यात पडद्यावर लांबलचक मजकूर आला, मुंगीएवढ्या अक्षरात. खाली पिवळं बटण, ‘मान्य आहे’. तीनला दोन मिनिटं कमी होती आणि तीनला मालिका लागते. दाबलं. एवढं कोण वाचत बसतं.

अर्थात मी टीव्ही बघत नाही. मला तिटकारा आहे. पण नवा सेट तीन दिवस सलग चालवून तपासावा लागतो. नियम आहे, आमच्याच खात्याचा.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

वेळ: सकाळी ८.१० ते रात्री ९. दोष: मालिकेतल्या थोरल्या सुनेचा चेहरा हिरवट. उपाय: आणखी बघावं लागेल.

जिना उतरले नाही. पायऱ्या नुकत्याच पुसल्या होत्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

चेहऱ्याचा दोष सेटचा नाही. थोरलीला मालिकेत विष घातलंय म्हणून ती हिरवी. धाकटीनेच घातलं. मला मालिकेतलं काही कळत नाही, पण दुधाचा पेला धाकटीनेच उचलला होता आणि नवऱ्याला ते माहीत आहे आणि तो गप्प आहे, कारण त्याची स्मृती गेल्याचं तो नाटक करतोय. एवढं ओझरतं कानावर पडलं.

मुलाचा फोन सव्वाआठला. रोज येतो, मिनिटाचा फरक नाही. माझा आवाज ऐकल्याशिवाय त्याचं घरातून पाऊल निघत नाही. सांगितलं, आत्ताच चालून आले. म्हणाला, हो का. तेवढ्यात मागे साबणाची जाहिरात बोंबलली. सांगितलं, भोंग्याचा टीव्ही.

भोंगा म्हणजे समोरच्या दारातली शेजारीण. कानाने मंद, टीव्ही इतका मोठा लावते की तिची मालिका मी माझ्या मोरीत बसून ऐकू शकते. ऐकत नाही, तो भाग वेगळा.

जिना नाही. वारा होता.

९ फेब्रुवारी, रविवार.

तपासणीचे तीन दिवस कधीच संपले. पण लाल रंगाबद्दल खात्री होत नाही. संपूर्ण आठवडा बघून मग शिक्का मारीन.

आमची कंपनी म्हणजे सोनं होतं. मालकाने पत्र्याच्या शेडमध्ये रेडिओपासून सुरुवात केली. मग काळे-पांढरे टीव्ही, लाकडी पेटीतले, सरकत्या दारांचे, कुलूप लावायची सोय असलेले. मी लागले ते रंगीत सेट आले तेव्हा. तपासणी खातं, चार नंबरचं टेबल, बिल्ला दोनशे सतरा. काळोख्या खोलीत आठ तास सेटसमोर. सेटचं मागचं झाकण उघडं, मागे माणूस पेचकस घेऊन, आणि त्याला पुढचं चित्र दिसावं म्हणून समोर आरसा. मी म्हणायची, हिरवा कमी कर, तो फिरवायचा. मी म्हणायची, एवढा नको रे मेल्या. तो परत फिरवायचा. मालक स्वतः यायचे, विचारायचे, बाई, चालेल? मी ‘चालेल’ म्हटल्याशिवाय सेट दाराबाहेर पडत नव्हता.

पुढे कंपनी कोणीतरी विकत घेतली, कारखाना मोडला, नाव तेवढं ठेवलं. पण नाव आहे म्हणजे कंपनी आहे. उगाच नाही टिकत नाव.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

आज जिन्यापर्यंत गेले. वरून बघितला. पहिल्याच पायरीची कड झिजून गुळगुळीत झालीय. दोष: इमारतीचा. उपाय: सेक्रेटरीला चिठ्ठी लिहिणे. ती पायरी दुरुस्त होईपर्यंत उतरणं शहाणपणाचं नाही.

मुलाला सांगितलं, कोपऱ्यापर्यंत गेले होते, कोपऱ्यावरचा कुत्रा शेपूट हलवतो आता. तो म्हणाला, हो का. कुत्र्याचं उगाच सांगितलं. खोट्यात कुत्रा घालू नये, पुढे सांभाळावा लागतो.

१६ फेब्रुवारी, रविवार.

नात आली होती. कॉलेजात आहे. फोन हातातून सुटत नाही, हाताला उगवल्यासारखा.

आल्या आल्या म्हणाली, आजी, तुझ्या कंपनीची बातमी वाचलीस का? कंपनी पकडली गेली. म्हणे घराघरात सेटवर काय चाललंय ते सेकंदासेकंदाला लिहून घेतात आणि जाहिरातवाल्यांना विकतात. कोर्टाने दंड ठोठावला. म्हणून तर सेट एवढे स्वस्त, म्हणाली. नफा डब्यात नाही, डब्यासमोर बसणाऱ्यात आहे. पूर्वी भिंतीला कान असायचे, आता डोळेही आले.

मी म्हटलं, आमची कंपनी असं करणार नाही. ती म्हणाली, कंपनी म्हणते आम्ही विचारूनच केलं, लोकांनीच ‘मान्य आहे’ दाबलंय.

मी म्हटलं, असले कोण गं मूर्ख, न वाचता दाबणारे? आपल्याकडे तुझ्या बापाने दाबलं असणार. त्याला पहिल्यापासून दम नाही.

मग जाता जाता सहज बोलून गेली. कोणत्या घरात सेट कधी लागला, किती तास चालला, त्याचा रिपोर्ट लगेचच सेटच्या मालकाच्या फोनवर जातो. आपल्या सेटचा मालक कोण? बाबा.

रिमोट उचलून गादीखाली सारला. त्यावर धूळ बसते.

विचारलं, तो बघतो का ते? म्हणाली, छे गं, बाबा कुठले उघडून बघतात. पण माझ्याकडे न बघता म्हणाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

नात सांगत होती की सेटला डोळ्याची गरज नाही, स्वतःच्या पडद्यावर काय चाललंय ते त्याचं त्याला कळतं. एकोणीस वर्षं सेट तपासलेल्या बाईला ही शिकवणार. बघितल्याशिवाय कोणाला काय कळतं?

उपाय सापडला. जुनाच. यांचा दाढीचा आरसा काढला, पुसला, समोरच्या खुर्चीवर उभा केला. सेटकडे पाठ करून बसले आणि आरशातून तपासणी केली. सेट बिचारा दिवसभर माझ्या पाठीकडे बघतोय. काय लिहून घेणार? अंबाडा.

सगळी माणसं डावखुरी झालीत. डॉक्टरने उजवीकडचं सोडून डावीकडचं काळीज तपासलं. मग लक्षात आलं की आरसा आहे, आणि मग लक्षात आलं की काळीज डावीकडेच असतं. डोकं भणभणलं.

जिना नाही. मान आखडली.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

नातीला फोन केला, बापाच्या फोनात गुपचूप बघ आणि सांग. म्हणाली, काल अकरा तास दहा मिनिटं, आजी. म्हणजे आरशातूनही बघतो!

मग कंपनीलाच फोन लावला. बेचाळीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एक मधाळ मुलगी आली. म्हटलं, मी तपासणी खात्यातली, चार नंबर टेबल, मालक मला विचारून सेट बाहेर पाठवायचे. ती म्हणाली, मॅडम, नंबर सांगाल का? मी सांगितला, दोनशे सतरा. जरा वेळाने म्हणाली, सॉरी मॅडम, हा नंबर आमच्याकडे नाही.

तिला म्हटलं, नाही तर नाही, तुझं वय काय, तू कुठून ओळखणार. आमच्या घरात बघण्याची परवानगी कोणी दिली ते सांग. म्हणाली, तीन फेब्रुवारी, दुपारी दोन अठ्ठावन्न, रिमोटवरून.

दोन अठ्ठावन्नला घरात तो बसवणारा होता. त्याचंच काम. चेहराच तसा होता.

परवानगी काढता येते म्हणाली. पण मालकाच्या फोनवर विचारणा जाईल, त्यांनी ‘हो’ म्हटलं की बंद. म्हणजे मुलाला विचारायचं, बाळा, मी किती तास तपासते ते तुला कळू नये म्हणून जरा बटण दाब. फोन ठेवला.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

आजच्या जाहिराती: चार पायांची काठी. गुडघ्याचा पट्टा. मोरीत भिंतीला बसवायचा दांडा. ‘आई-बाबांसाठी निवांत निवास’. आधी साबण लागायचा, आता हे. भोंग्याकडे मात्र अजून साबणच.

चुगलखोर मेला. आम्ही सेट बाहेर पाठवायचो तेव्हा त्याला तोंड होतं, डोळे नव्हते, आणि मन तर मुळीच नव्हतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

मोठा निश्चय. सोमवारपासून सेट बंद. पूर्ण बंद. रिपोर्टात भोपळा दिसला की मुलाला वाटेल आई दिवसभर बाहेर फिरतेय.

भोंग्याचा सेट जुना आहे, पोट सुटलेला, आमच्याच कारखान्यातला. मागे झाकणावर माझा शिक्का असण्याची दाट शक्यता. तो आपल्या माणसाशी असं करायचा नाही. तिच्याकडे बसेन. जाताना अकरा पावलं, येताना अकरा. चार खेपा केल्या की अठ्ठ्याऐंशी. चालणंही झालं, जिन्याचं नावही नको.

भोंगा खूश. ओरडून म्हणाली, या की, मला मालिकेतलं ऐकू कमी येतं, तुम्ही सांगत जा. म्हटलं, मला त्यातलं काही माहीत नाही, पण सांगेन.

२४ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६.

झालं ते असं.

सकाळी साडेसातलाच भोंग्याकडे गेले. फोन घरी चार्जिंगला ठेवला. तपासणीच्या खोलीत आम्ही हातातलं सगळं बाहेर ठेवून जायचो. घराचं दार ओढून घेतलं की कुलूप आपोआप लागतं. चहा, पाव, पाय स्टुलावर. सेट जुना, पण लाल रंग असा की बघत राहावं.

साडेनऊच्या सुमारास बाहेर धाडधाड आवाज. भोंग्याला तोही ऐकू आला म्हणजे बघा. म्हणाली, वरचे घर सोडतायत वाटतं, कपाटं उतरवत असतील. म्हटलं, काय लोक आहेत, सकाळच्या वेळी. तिने आवाज वाढवला. थोरली शुद्धीवर येत होती.

जाहिरात लागली तशी दार उघडून बघितलं. माझ्या दाराचं कुलूप उखडून खाली पडलेलं, चौकटीचा तुकडा लोंबतोय. कुलूपवाला, वॉचमन आणि माझा मुलगा. मुलगा घरातून बाहेर येत होता. शर्टाची बटणं वरखाली लावलेली, चेहरा हिरवट. सेटचा दोष म्हणायलाही सेट नव्हता मध्ये.

मला बघून भिंतीला टेकून खाली बसला.

म्हणाला, आई, चौदा फोन केले.

मी म्हटलं, चौकट नवी घ्यावी लागेल.

मागून भोंगा ओरडली, या लवकर, शुद्धीवर आली!

२६ फेब्रुवारी, बुधवार.

परवाचं उरलेलं लिहिते, कारण रकाना रिकामा ठेवू नये.

मुलाने फोन काढून दाखवला. रोजचे आकडे: अकरा तास दहा, दहा तास पन्नास, अकरा तास चाळीस. मी म्हटलं, रिपोर्ट सदोष आहे. तो हसला नाही. म्हणाला, आई, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. रोज आठ-दहाला सेट लागला की मला कळायचं तू उठलीस. मग मी पाच मिनिटांनी फोन करायचो, मग चहा प्यायचो. आज आठ-दहा झाले, साडेआठ झाले, नऊ झाले. फोन उचलेनास.

म्हणजे तो माझ्या आवाजाची वाट बघत नव्हता. सेटची बघत होता.

मग उठला, हात पुढे केला. म्हणाला, चल, आत्ता माझ्याबरोबर खाली गेटपर्यंत ये. एकदाच. आलीस तर मी काही बोलणार नाही.

जिन्याशी गेले. म्हटलं, चपलेचा पट्टा तुटलाय. म्हणाला, आई, नवी आहे ती. म्हटलं, हल्ली नवीनच तुटतात. तो हात तसाच धरून उभा राहिला. वॉचमन उगाच छताकडे बघत होता. मग मुलाने हात खाली घेतला. म्हणाला, बरं.

निकाल: नवं कुलूप, एक किल्ली त्याच्याकडे. सेट रोज आठ-दहाला लागलाच पाहिजे आणि दिवसभर चालू. बंद दिसला की तो निघणार. आणि मुदत तीच, तीन एप्रिल. तोवर जिना जमला नाही तर इस्त्रीची खोली.

म्हटलं, मला टीव्हीचा तिटकारा आहे हे तुला माहीत आहे. म्हणाला, हो, माहीत आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.

वेळ: ८.१०. सेट: चालू. दोष: चालू.

पूर्वी कंपनी सेटसमोर बसायचा पगार द्यायची. आता फुकट बसायचं. भोंग्याकडेही जाववत नाही. इथे रिकाम्या खोलीत सेट बोलतोय हे मनात राहतं, दूध उतू जाईल तसं. दुपारी पडावंसं वाटलं तर आवाज कमी करून त्याच्या नजरेखाली पडायचं. थोरली बरी झाली. मला काही वाटलं नाही.

१ मार्च, शनिवार.

अख्खी दुपार विचार केला आणि सापडलं. इतके दिवस मी सेटला फसवायला बघत होते. चूक. सेटला बसवून ठेवायचं आणि आपण उठायचं! सेट चालू, मुलगा निश्चिंत, आणि मी जिन्यावर. सोमवारपासून रोज पाच पायऱ्या जास्त. दहाव्या दिवशी गेट. पुढच्याच्या पुढच्या रविवारी मुलगा गाडी लावायला येईल तेव्हा मी गेटपाशी उभी असेन. म्हणेन, किती उशीर रे. इस्त्रीच्या खोलीत मग तो स्वतःच झोपू दे.

कोपऱ्यावर कुत्रा आहे का तेही बघायचंय.

३ मार्च, सोमवार. दुपारी ३.३०.

८.१० सेट लावला. ८.१५ फोन. ८.२० दाराबाहेर. रजिस्टर पिशवीत घेतलं. नोंद जागेवरच करायची असते. फोन चार्जिंगला. मुद्दाम नाही, सवयीने.

भिंतीचा दांडा धरून उतरले. पहिली पायरी, ती गुळगुळीत. काही होत नाही तिला. दुसरी, तिसरी. सातवीवर उभी राहिले आणि खाली बघितलं. बघायला नको होतं. नोव्हेंबरात जिथे पडले होते ती जागा तिथून बरोबर दिसते. पाय म्हणाले, आम्ही येत नाही. वर बघितलं तर पाय म्हणाले, तिकडेही नाही.

बसले.

वर माझा सेट बोलत होता. पलीकडे भोंग्याचा. हाका मारल्या, आधी हळू, मग मोठ्याने. भोंग्याने आवाज वाढवला. आणि मुलगा येणार नव्हता. त्याला दिसत होतं, आई छान बसून टीव्ही बघतेय. सेट मन लावून साक्ष देत होता.

दहाच्या सुमाराला वरच्या मजल्यावरचे गृहस्थ उतरले. म्हणाले, काय आजी, इथे? म्हटलं, हवेला बसलेय. म्हणाले, काही मदत? म्हटलं, कशाला? गेले. ते गेटबाहेर पडल्याचा आवाज ऐकला आणि मग म्हटलं, अहो.

आमच्या मालिकेचं सकाळचं पुनःप्रसारण अकराला असतं. ऐकलं. नुसतं ऐकून कळलं की थोरलीनेच स्वतः विष घेतलं होतं. चित्र बघताना हे मला महिनाभर कळलं नव्हतं. एकोणीस वर्षांची तपासणी.

एक वाजून पाच मिनिटांनी लाईट गेली. दोन्ही सेट एकदम गप्प. आणि लाईट सगळ्यांचीच गेली की तिच्याकडचीच, ते बघायला भोंगा दार उघडून बाहेर आली. मला बघून म्हणाली, अगंबाई, तुम्ही फिरायला निघालात? म्हटलं, हो, हात दे.

बसत, सरकत, तिच्या खांद्यावर ओझं टाकून वर आले. दारात पाऊल टाकते तो फोन वाजतोय. मुलगा. धापा टाकत. म्हणाला, आई, सेट का बंद झाला? म्हटलं, लाईट गेली. सुस्कारा टाकला त्याने, इकडे ऐकू आला. म्हणाला, तेवढंच ना? बाकी सकाळपासून बसली होतीस ना निवांत? पाच तास दाखवतंय.

म्हटलं, बसले होते.

म्हणाला, बरं झालं. मला जरा काळजी होती.

सव्वातीनला लाईट आली. पडद्यावर परत तोच मुंगीएवढा मजकूर, सेट नव्याने सुरू झाल्यामुळे असेल. पिवळं बटण. या वेळी चष्मा लावून वाचायला घेतलं. दुसऱ्याच ओळीत ‘आपल्या सोयीसाठी’ आलं. मालिका अर्धी झाली होती, आणि पडदा काळा दिसला तर मुलगा निघेल. दाबलं.

वेळ: ८.२० ते १.०५. पायऱ्या: सात. भोंगा म्हणते सहाच होत्या, तिने वर येताना मोजल्या. तिला मोजता कुठे येतं.

दोष: काही नाही.
उपाय: उद्यापासून सकाळ-संध्याकाळ.
सही.